आधी स्कोपचे क्लिक तपासा, मग बॅलिस्टिक्स अ‍ॅपला हात लावा: लांब पल्ल्याच्या टार्गेट शूटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हजार यार्डांवर पहिल्यांदा नेम धरायला निघालेला माणूस सगळ्यात आधी फोनवर बॅलिस्टिक्सचं अ‍ॅप घेतो. काडतुसांच्या खोक्यावरचे आकडे त्यात भरतो, अ‍ॅप सांगतं की टरेट, म्हणजे स्कोपवरची (रायफलच्या दुर्बिणीवरची) नेमाची उंची बदलणारी चकती, ३० एमओए (कोनाचं एकक) वर न्या, आणि तो नेतो. गोळी टार्गेटच्या मध्याच्या आठ इंच खाली लागते. मग तो अ‍ॅपमधला गोळीचा वेग थोडा कमी करतो, पुन्हा झाडतो, अजून थोडा कमी करतो. आकडे जुळले की काम झालं असं समजून घरी जातो. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारतच नाही: टरेटवर ३० आकडा आला खरा, पण स्कोप तेवढा सरकला का?

स्कोपच्या टरेटमधला स्क्रू, त्यावरची आट्यांची घडण आणि आतली स्प्रिंग यांवर सगळं अवलंबून असतं. ३० म्हटल्यावर साडेतीस किंवा सव्वाएकोणतीस देणारे स्कोप बाजारात भरपूर आहेत, महागड्यांतसुद्धा. सॉफ्टवेअर कितीही बारकाईने हिशोब करो, ते स्कोपच्या आत डोकावून पाहू शकत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी स्कोप, मग अ‍ॅप, आणि अगदी शेवटी अ‍ॅपची जुळवणी. हा क्रम उलटा केला की एक चूक दुसऱ्या चुकीखाली दडते आणि वर्षभर सापडत नाही.

आपल्याकडे रायफल शूटिंग म्हटलं की डोळ्यांसमोर कोल्हापूर येतं. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक आणणारा स्वप्निल कुसाळे. त्या प्रकारांत अंतर ठरलेलं असतं, टेलिस्कोपला परवानगीच नसते आणि नेम डायॉप्टर साइटने, म्हणजे बारीक छिद्रातून, धरतात. तिथून येणाऱ्यांचा श्वास, ट्रिगर आणि संयम आधीच तयार असतो, पण टरेट फिरवून गोळीची उंची बदलणं त्यांना नवीन असतं. हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहून एफ-क्लास (झोपून, रायफल आधारावर ठेवून लांबचं टार्गेट) किंवा पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज, वेळेच्या बंधनात वेगवेगळ्या अंतरांची टार्गेट) अशा स्पर्धांकडे वळणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

रायफलला हात लावण्याआधी: कायदा

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमी ऐकू येणारा म्हणजे वैध शिकार परवाना. पण मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत ताबा ठरू शकतो. "सगळेच जातात, काही होत नाही" असं सांगणारे भेटतील. तुमचं ग्रीन कार्ड त्यांच्या हातात नाही. शंका असेल तर इमिग्रेशन आणि शस्त्र कायदा दोन्ही समजणाऱ्या वकिलाला आधी विचारा. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही पाहा.

दुसरं, भारतात सुट्टीवर जाताना कुणासाठी तरी रायफल स्कोप बॅगेत टाकून नेऊ नका. अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर नेण्यावर निर्यात नियंत्रण आहे. तो कॅमेऱ्याच्या लेन्ससारखा सुटा माल नव्हे.

काय काय लागेल

कागदपत्रं:
- ओळखपत्र, आणि लागू असेल तर ग्रीन कार्ड
- रेंजचं सदस्यत्व किंवा दिवसाचा पास. बऱ्याच रेंजवर आधी सुरक्षेचा वर्ग पूर्ण करावा लागतो, त्याची पावती किंवा कार्ड
- स्कोप आणि रिंग (स्कोप रायफलवर धरणाऱ्या कड्या) यांची माहितीपुस्तिका. त्यात एकक आणि स्क्रू किती घट्ट करायचे ते लिहिलेलं असतं
- एक वही. अ‍ॅप असलं तरी वही हवीच

साहित्य:
- १०० फुटी मोजपट्टी, शक्यतो स्टीलची
- किमान ४ फूट उंचीचा फोम बोर्ड किंवा पुठ्ठा, बारीक आणि जाड मार्कर
- ओळंबा. गवंडी वापरतात तोच, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो
- रायफलवर बसवायची बुडबुड्याची लेव्हल
- इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क पाना
- रायफल घट्ट धरणारा आधार किंवा व्हाइस
- गोळीचा वेग मोजायला क्रोनोग्राफ. विकत घेण्याआधी क्लबात कुणाचा मिळतो का पाहा
- त्या जागचा हवेचा दाब मोजणारं हवामान यंत्र, उदाहरणार्थ केस्ट्रेल

१. एकक कुठलं ते पक्कं करा

ही पायरी पाच मिनिटांची आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो. कोनाचं दुसरं एकक मिल. एक मिल १०० यार्डांवर ३.६ इंच आणि १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. म्हणजे पाव एमओएचा एक क्लिक १०० यार्डांवर गोळी सुमारे ०.२६ इंच हलवतो आणि ०.१ मिलचा क्लिक ०.३६ इंच.

आता मेख. काही स्कोपांच्या टरेटवर लिहिलेलं असतं "१ क्लिक = १०० यार्डांवर १/४ इंच". हा खरा एमओए नाही. याला काहीजण शूटर्स एमओए म्हणतात. फरक साडेचार टक्क्यांचा आहे. १०० यार्डांवर झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवताना, तो जाणवतही नाही, पण ३० एमओए वर गेलात की हजार यार्डांवर १४ इंचांची तफावत पडते. अ‍ॅपमध्ये दोन्ही एककं वेगवेगळी दिलेली असतात, त्यातलं आपलं निवडा.

रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असलेला जुना स्कोप स्वस्तात मिळत असेल तर नवशिक्याने घेऊ नये. एका मिलमध्ये ३.४४ एमओए असतात, आणि वेळेच्या दडपणाखाली तसले गुणाकार-भागाकार करायचे नसतात.

२. स्कोप सरळ बसवा आणि घट्ट बसवा

रिंगचे स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा. बऱ्याच रिंगना १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, पण आकडा बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतलाच घ्या. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्कोप एक तर झटक्याने सरकतो, नाहीतर नळी दबून आतली हालचाल अडकते. दोन्हीचा परिणाम चाचणीत "खराब स्कोप" म्हणून दिसतो.

लांब पल्ल्यासाठी २० एमओए उताराचा बेस (रिंगखालची पट्टी) लावा. समजा स्कोपची एकूण उभी हालचाल ६० एमओए आहे. सपाट बेसवर झिरो मधोमध पडला तर वर जायला जेमतेम ३० उरतात, म्हणजे हजार यार्डांवर टरेट टोकाला. २० चा बेस असेल तर ५० उरतात. टोकाजवळ स्प्रिंगचा ताण बदलतो आणि क्लिक बेभरवशाचे होतात.

सरळपणा ओळंब्याने तपासा. दूर एक ओळंबा लटकवा, रायफल आधारावर ठेवा आणि रेटिकलची उभी रेघ दोरीशी तंतोतंत जुळवा. त्याच स्थितीत रायफलवरच्या लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणून ती घट्ट करा. रायफल टेबलावर सपाट दिसते म्हणून स्कोप सरळ आहे असं धरू नका. गुरुत्वाकर्षण टेबलाला ओळखत नाही.

कलतेपणाची किंमत किती? रायफल ३ अंश कलली आणि टरेट ३० एमओए वर असेल, तर गोळी सुमारे दीड एमओए बाजूला जाते. हजार यार्डांवर ते सोळा इंच होतात, आणि नवशिक्या त्याचा दोष वाऱ्याला देतो.

३. उंच टार्गेट बनवा

या चाचणीला रेंजवर "टॉल टार्गेट टेस्ट" म्हणतात. बॅलिस्टिक्सवर काम करणारे ब्रायन लिट्झ यांनी ती शूटर मंडळींत चांगलीच रुजवली. कल्पना सोपी आहे: कोन बदलला की १०० यार्डांवर ठरावीक इंच सरकायला हवेत, ते सरकतात का ते पट्टीने मोजायचं.

बोर्ड फ्रेमवर लावल्यानंतरच रेघ काढा, घरी काढून आणू नका. फ्रेम कधीच पूर्ण सरळ नसते. बोर्डच्या माथ्यावर खिळा ठोकून ओळंबा सोडा. सकाळच्या मंद वाऱ्यातही दोरी हलत राहते. त्यावर उपाय म्हणजे ओळंब्याचं वजन खाली पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं. मिनिटभरात दोरी थिजल्यासारखी स्थिर होते. मग दोरीला धक्का न लावता तिच्या मागे दर सहा इंचांवर बारीक टिंबं द्या, दोरी काढा आणि टिंबं पट्टीने जोडा. रेघ अशी काढली की नंतर मनात शंका उरत नाही.

रेघेच्या खालच्या टोकाशी नेम धरायला एक ठळक ठिपका काढा. त्यापासून वर, एमओएचा स्कोप असेल तर ३१.४ इंचांवर आडवी रेघ. हे ३० एमओए झाले. मिलचा असेल तर ९ मिल म्हणजे ३२.४ इंच. अधेमधे १० आणि २० एमओएच्याही रेघा काढा, कारण काही स्कोप सुरुवातीला बरोबर असतात आणि पुढे घसरतात.

नेम खाली आणि गोळी अडीच फूट वर, असा प्रकार असल्यामुळे रेंज ऑफिसरला आधी सांगा. गोळी फ्रेमच्या लाकडाला न लागता मागच्या मातीच्या बंधाऱ्यात नीट जाते ना, ते त्यांच्यासोबत पाहून घ्या.

४. अंतर टेपनेच मोजा

रेंजच्या पाटीवर १०० लिहिलंय यावर विसंबू नका. पाटी यार्डांची की मीटरची, अंतर बेंचपासून की छपराच्या कडेपासून, कुणालाच ठाऊक नसतं. १०० यार्डांत एक यार्ड इकडेतिकडे झाला की तुमच्या निकालात थेट एक टक्क्याची चूक येते. शोधतोय तीही चूक एक-दोन टक्क्यांचीच. हातातल्या लेझर रेंजफाइंडरचा एक यार्डाचा फरक एरवी चालून जातो, इथे नाही.

टेप टार्गेटच्या पृष्ठभागापासून स्कोपच्या टरेटपर्यंत ओढा. १०० फुटी टेप तीनदा लावताना प्रत्येक टप्प्यावर जमिनीत खुंटी ठोका, आणि टेप झोळ न देता ताणून धरा. हे सगळं गोळीबार पूर्ण थांबलेला असताना आणि ऑफिसरच्या परवानगीनेच.

बरोबर १०० यार्ड मिळत नसतील तर काही बिघडत नाही. मिळतील तितके मोजा आणि अपेक्षित इंच त्या प्रमाणात काढा. ९७ यार्ड असतील तर ३१.४ ला ०.९७ ने गुणा.

५. चाचणी: आधी न झाडता, मग झाडून

पहिला भाग गोळीशिवाय होतो आणि मला तोच जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात नेमबाजाचा हात येत नाही. चेंबर रिकामं, बोल्ट बाहेर. रायफल व्हाइसमध्ये अशी आवळा की टरेट फिरवताना हलणार नाही. पॅरॅलॅक्स नीट लावा, म्हणजे डोळा हलला तरी रेटिकल टार्गेटवर हलणार नाही. टरेट झिरोवर असताना रेटिकलचा मध्य वरच्या आडव्या रेघेवर आणा. आता ३० एमओए "वर" फिरवा. रेटिकल खाली सरकताना दिसेल. गोंधळू नका: गोळी वर न्यायची म्हणजे नजरेची रेषा खाली न्यावी लागते. रेटिकलचा मध्य खालच्या ठिपक्यावर बरोबर येतो का? किती इंच अलीकडे किंवा पलीकडे?

परत झिरोवर या. मध्य पुन्हा वरच्या रेघेवर बसायला हवा. नाही बसला तर एक तर रायफल हलली, नाहीतर स्कोप परतत नाही. हे चढउतार काही वेळा करा, आणि १० व २० वरही थांबून पाहा. चढताना आणि उतरताना आकडे वेगळे येत असतील तर वहीत दोन्ही लिहा.

रेटिकल उभ्या रेघेवरूनच सरकतं का, तेही याच वेळी पाहा. खाली जाताना ते हळूहळू एका बाजूला जात असेल, तर स्कोपच्या आत रेटिकल आणि टरेटची हालचाल एकमेकांना समांतर नाहीत. ३० एमओए मध्ये अर्धा इंच बाजूला गेलं तर तिरकेपणा साधारण एका अंशाचा आहे आणि हजार यार्डांवर त्याचे पाच इंच होतात. अशा वेळी रायफलवरची लेव्हल रेटिकलऐवजी टरेटच्या हालचालीशी जुळवून घ्यावी.

रेटिकलवरच्या खुणाही याच बैठकीत मोजून टाका. ९ मिलची खूण बोर्डवर ३२.४ इंच दाखवते का? रेटिकल काचेवर कोरलेलं असतं, त्यात सहसा चूक सापडत नाही. ही नोंद पुढे आठव्या पायरीत उपयोगी पडेल.

मग झाडून खात्री करा. टरेट झिरोवर ठेवून खालच्या ठिपक्यावर पाच गोळ्या. ३० एमओए वर न्या, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर, आणखी पाच. वरच्या पाच छिद्रांच्या उंचीची सरासरी आणि खालच्या पाचांची सरासरी, यांतलं अंतर मोजा. एका गोळीवरून दुसऱ्या गोळीपर्यंत मोजू नका. अर्ध्या इंचाची गफलत झाली तर निकाल दीड टक्क्याने बदलतो.

टरेट चौकोनात फिरवून परत मूळ जागी आणत झाडायच्या चाचणीला बॉक्स टेस्ट म्हणतात. "बॉक्स टेस्ट केली, चौकोन बरोबर बंद झाला, म्हणजे स्कोप चांगला" असं बरेचजण सांगतील. चौकोन बंद झाला म्हणजे स्कोप मूळ जागी परततो, एवढंच सिद्ध होतं. प्रत्येक क्लिक तीन टक्के लहान असेल तरी चौकोन बंदच होतो, फक्त थोडा लहान असतो.

६. हिशोब

मोजलेलं भागिले अपेक्षित.

समजा ३१.४ इंचांऐवजी ३०.६ इंच मिळाले. ३०.६ भागिले ३१.४ म्हणजे ०.९७४. तुमचा स्कोप सांगितलेल्याच्या ९७.४ टक्केच सरकतो. हजार यार्डांसाठी ३० एमओए लागत असतील तर टरेटवर ३० भागिले ०.९७४, म्हणजे ३०.८ लावावे लागतील. न लावल्यास गोळी आठ इंच खाली. एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं आहे, म्हणजे मध्यापासून पाच इंच. आठ इंच खाली म्हणजे नऊ गुण, आणि तेही वारा अगदी बरोबर ओळखला तर.

स्कोप परत पाठवण्याआधी दोन आकडे तपासून पाहा. गुणोत्तर ०.९५५ च्या आसपास आलं असेल तर बहुधा स्कोप ठणठणीत आहे, फक्त तो एमओए नव्हे तर इंचांच्या हिशोबाने बनवलेला आहे. पहिल्या पायरीवर परत जा. आणि १.०९ च्या पुढे आलं असेल तर तुम्ही १०० यार्डांवर नाही, १०० मीटरवर उभे आहात.

एखाद्या टक्क्याची चूक असेल तर ती अ‍ॅपमध्ये भरून निश्चिंत व्हा. चूक ठरावीक असणं हा दोष फारसा त्रासाचा नाही. स्कोप झिरोवर परत येत नसेल किंवा दर वेळी वेगळा आकडा देत असेल, तर मात्र त्याला कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. तो दुरुस्तीला पाठवा.

७. आता अ‍ॅप

अ‍ॅप्लाइड बॅलिस्टिक्स, हॉर्नाडीचं फोर-डीओएफ, जेबीएमची वेबवरची गणकयंत्रं, यांपैकी कुठलंही घ्या. चांगली माहिती भरली तर हजार यार्डांपर्यंत त्यांची उत्तरं फारशी वेगळी येत नाहीत. कोणतं अ‍ॅप यापेक्षा आत काय भरता त्यावर निकाल ठरतो.

वेग खोक्यावरून उचलू नका. खोक्यावरचा आकडा कंपनीच्या चाचणीच्या बॅरलचा असतो, तुमचं बॅरल दोन इंच आखूड असू शकतं. क्रोनोग्राफवर किमान दहा गोळ्यांची सरासरी घ्या आणि तेव्हाचं तापमान लिहा. नवं बॅरल पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत बरेचदा थोडं वेगवान होतं, त्यानंतर पुन्हा मोजा. पावडर गरम झाली की वेग वाढतो, म्हणून फिनिक्ससारख्या ठिकाणी काडतुसांचा डबा उन्हात उघडा ठेवू नका.

बीसी (बॅलिस्टिक कोएफिशंट, गोळी हवेतून किती कमी अडते त्याचा आकडा) भरताना जी१ आणि जी७ या दोन मापांची गल्लत टाळा. उदाहरणार्थ हॉर्नाडीच्या ६.५ मिमी, १४० ग्रेन ईएलडी मॅच गोळीचा जी१ आकडा ०.६४६ आहे आणि जी७ आकडा ०.३२६. गोळी एकच, मोजायची फूटपट्टी वेगळी. ०.६४६ जी७ च्या रकान्यात गेला तर अ‍ॅपला वाटेल गोळी हवेतून जवळपास न अडता जाते. लांब शेपटीच्या आधुनिक गोळ्यांसाठी जी७ घ्या.

स्कोपची उंची म्हणजे बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत. बोल्ट मागे ओढून त्याच्या मध्यापासून स्कोपच्या नळीच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. आपोआप भरलेला १.५ इंच तसाच सोडू नका. १०० यार्डांच्या झिरोवर पाव इंचाची चूक हजार यार्डांवर सव्वादोन इंच होते.

आणि हवेचा दाब. नवख्यांचा सगळ्यात मोठा घात इथे होतो. हवामानाच्या बातमीत किंवा विमानतळाच्या नोंदीत जो दाब सांगतात तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. गोळी मात्र तुमच्यासमोरच्या हवेतून जाते. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळ व्हिटिंग्टन सेंटर आहे, उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास. तिथे फोनवरचं हवामान अ‍ॅप ३० इंच (पाऱ्याचे) दाखवेल, आणि केस्ट्रेलवर प्रत्यक्ष दाब साडेतेवीस इंचांच्या जवळपास दिसेल. फोनचा ३० आकडा "स्टेशन प्रेशर" म्हणून भरलात तर अ‍ॅप समुद्रकिनाऱ्याची दाट हवा धरून चालेल, आणि हजार यार्डांवर गोळी वीस-तीस इंच वर जाईल. नियम असा: मोजलेला प्रत्यक्ष दाब भरलात तर उंचीचा रकाना वापरायचा नाही. समुद्रसपाटीचा दाब भरलात तर उंची भरायलाच हवी. दोन्हींची खिचडी नको.

गोळीच्या फिरण्यामुळे होणारा बाजूचा सरकाव सुरू ठेवा. उजव्या पिळाच्या बॅरलमध्ये तो हजार यार्डांवर काही इंच उजवीकडे असतो. कोरिऑलिसचं (पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामाचं) बटण सध्या बंद ठेवलं तरी चालेल.

शेवटी सहाव्या पायरीचं गुणोत्तर. अ‍ॅपमध्ये स्कोपच्या दुरुस्तीचा रकाना असेल तर तिथे भरा. पण कुठे ०.९७४ भरायचं असतं आणि कुठे त्याचं उलटं, १.०२७. ओळखायची खूण सोपी आहे. कमी सरकणाऱ्या स्कोपसाठी दुरुस्ती भरल्यावर हजार यार्डांचा आकडा वाढायला हवा. कमी झाला तर उलटं भरलंय. रकाना नसेल तर दुरुस्त केलेले आकडे काढून कार्डावर लिहा.

८. लांबवर जुळवणी, अगदी शेवटी

आता सातशे ते हजार यार्डांवर जा. वारा शांत असलेली सकाळ निवडा. गोळीचा वेग आवाजाच्या सव्वापटीखाली जाईल इतकं लांबचं अंतर घेऊ नका. पाच-दहा गोळ्यांचा मध्य अ‍ॅपच्या अंदाजाशी ताडून पाहा. थोडा फरक असेल तर अ‍ॅपमधला वेग किंचित बदलून जुळवतात. यालाच ट्रूइंग म्हणतात.

आधी स्कोप का तपासायला सांगितला ते इथे कळतं. २.६ टक्के कमी सरकणारा स्कोप असताना कुणी सरळ ट्रूइंग केलं, तर वेग तीसेक फूट प्रति सेकंदाने खाली ओढला की हजार यार्ड जुळतात. पाचशे आणि सातशेसुद्धा बऱ्यापैकी जुळतात, कारण वेगाची चूक आणि क्लिकची चूक दोन्ही अंतराबरोबर जवळपास सारख्याच वाढतात. म्हणूनच ही चूक पकडणं कठीण जातं. ती बाहेर येते पीआरएसच्या मैदानावर, जिथे वेळ अपुरा असल्यामुळे काही टार्गेटना टरेट न फिरवता रेटिकलच्या खुणांवरून नेम धरावा लागतो. टरेट चुकीचा, पण रेटिकल बरोबर. अ‍ॅपने मात्र टरेटची चूक वेगात मुरवलेली. मग टरेट फिरवून मारलं की लागतं आणि खुणांवरून मारलं की वरून जातं. स्कोप बदलला, तरी सगळे आकडे पुन्हा बिघडतात.

त्यामुळे एक कडक सवय लावून घ्या. ट्रूइंगनंतर अ‍ॅपमधला वेग क्रोनोग्राफच्या वेगाशी ताडून पाहा. डॉप्लर रडारवर चालणारा चांगला क्रोनोग्राफ तीस फुटांनी चुकत नाही. एवढा फरक दिसला तर ट्रूइंग पुसून टाका आणि पुन्हा स्कोप, अंतर, दाब, बीसी या क्रमाने शोध घ्या.

९. कार्ड आणि पुन्हा तपासणी

जुळलेले आकडे दर ५० किंवा १०० यार्डांचे छापून रायफलच्या पेटीत ठेवा. त्यावर तापमान, प्रत्यक्ष दाब, काडतुसाचा लॉट नंबर आणि स्कोपचं गुणोत्तर लिहा. फोनची बॅटरी संपते, स्क्रीन उन्हात दिसत नाही.

काडतुसांचा लॉट बदलला तर वेग पुन्हा मोजा, स्कोपला हात लावायची गरज नाही. स्कोप रिंगमधून काढला, रायफल पडली किंवा विमानातून नेली, तर झिरो आणि झिरोवर परतणं तपासा. पूर्ण टॉल टार्गेट चाचणी हंगाम सुरू होण्याआधी एकदा पुरते. स्कोप दुरुस्त होऊन आला असेल तर मात्र ती पहिल्यापासून करा, कारण आतला स्क्रू बदलला असेल तर जुनं गुणोत्तर लागू पडत नाही, आणि अ‍ॅपमधला जुना आकडा आपोआप पुसला जात नाही.